धान्याच्या कोठीत ७० अंश : घरी बांधलेल्या तापमान-चाचणी कक्षाचा अनुभव

शेतपंपाच्या स्टार्टर पेटीत बसणारा एक छोटा कंट्रोलर आम्ही पुण्याजवळ नऱ्हे येथे तयार करतो. तिन्ही फेज आहेत की नाहीत ते तो पाहतो, एखादा फेज गेला की मोटर जळण्याआधी बंद करतो आणि मोबाईलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय देतो. कार्यशाळेत आम्ही तिघेजण आहोत. २०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतून एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागल्या : दुपारी एक ते चारच्या दरम्यान कंट्रोलर ‘आर फेज नाही’ (म्हणजे तिन्हींपैकी एक फेज गेला) असे दाखवून पंप बंद करतो, प्रत्यक्षात तिन्ही फेज असतात आणि संध्याकाळी सगळे आपोआप सुरळीत होते. कुरिअरने परत आलेली सहा युनिट्स आम्ही टेबलावर दोन दिवस सलग चालवली, पण एकदाही दोष दिसला नाही. शेतकऱ्याला दिवसातून आठ तास वीज मिळते आणि त्यातले तीन तास आमच्या कंट्रोलरमुळे वाया जातात, ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. तेव्हापासून पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत जे केले ते येथे क्रमाने लिहीत आहे. छोट्या उद्योगातल्या किंवा घरी प्रयोग करणाऱ्या कोणावर अशी वेळ आली तर त्याचे काही महिने वाचावेत, एवढाच हेतू आहे.

दोष उष्णतेचा आहे हे उघड होते, पण उष्णता नेमकी किती हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून कमाल तापमान लक्षात ठेवणारा एक डिजिटल थर्मामीटर (४५० रुपये) वर्ध्याच्या एका शेतकरी दादांकडे पाठवला आणि तो स्टार्टर पेटीच्या आत ठेवण्याची विनंती केली. १७ मे रोजी त्यांनी फोटो पाठवला. सावलीत पारा ४४ च्या आसपास असताना, उन्हात उभ्या असलेल्या त्या पत्र्याच्या पेटीत ६४ अंश नोंदले गेले होते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ‘कमर्शियल’ प्रतीच्या सुट्या भागांची हमी ० ते ७० अंशांपर्यंत असते, ‘इंडस्ट्रियल’ प्रतीची उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत. पेटीतली हवा ६४ अंश असेल तर आमच्या प्लास्टिकच्या खोक्यातली हवा त्याहून अधिक गरम असणार आणि प्रत्येक भाग स्वतःची उष्णता त्यात घालणार. म्हणजे आम्ही काठावर होतो.

पहिला विचार अर्थातच प्रयोगशाळेचा आला. दोन ठिकाणी कोटेशन मागितले. चाचणी कक्षाचे भाडे तासाला ९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, किमान आठ तासांचे आरक्षण आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख. दर वाजवी होता, परंतु आम्हाला अजून दोष शोधायचा होता आणि त्या कामाला किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही. नव्या तयार कक्षाचे सर्वांत स्वस्त कोटेशन २ लाख ८५ हजारांचे आले. म्हणून स्वतः बांधायचे ठरवले.

बांधणीच्या आधी एक आठवडा मी हॉट एअर गनने सर्किटवर गरम हवा मारून पाहण्यात घालवला. तसे केल्यावर दोष कधी दिसायचा, कधी नाही. झोतातली हवा एका जागी १२० अंश आणि दोन सेंटिमीटर पलीकडे ५० अंश असते, त्यामुळे काय बिघडले आणि कितीवर बिघडले यातले काहीच खात्रीने कळत नाही. त्यानंतर स्वयंपाकघरातला जुना ओव्हन-टोस्टर वापरून पाहिला. त्याचा मूळ थर्मोस्टॅट २० ते २५ अंशांचा झोका घेतो. आणि हवा ६५ अंशांवर असतानाही लाल झालेल्या सळया समोरच्या वस्तूवर थेट प्रारण टाकत राहतात. कंट्रोलरच्या प्लास्टिक खोक्याची सळईकडची बाजू मऊ होऊन वाकली आणि हवेचा थर्मामीटर मात्र ६५ दाखवत होता. या एका वाकलेल्या खोक्याने मला पुढच्या सगळ्या कामाची दिशा दिली : हीटर नमुन्याला ‘दिसता’ कामा नये, हवा सतत फिरली पाहिजे, आणि हवेचे तापमान म्हणजे सुट्या भागाचे तापमान नव्हे.

पेटीसाठी भांडे शोधत असताना आईने माळ्यावरची स्टीलची धान्याची कोठी काढून दिली. पूर्वी त्यात वर्षाचे गहू भरले जात; आता आम्ही महिन्याचे आणतो. व्यास साधारण ४० सेंटिमीटर, उंची ६०, झाकण घट्ट. “धुऊन घे नीट, कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला असेल,” असे तिने सांगितले आणि खरोखरच तळाच्या कडेला वाळून काळी पडलेली पाने निघाली. झाकण वर असल्याचा एक तोटा नंतर लक्षात आला. गरम हवा वर चढते, त्यामुळे झाकण उघडले की ती लगेच निसटते. त्याच कारणाने तळ आणि माथा यांतही फरक पडतो, आणि तो कसा आवरला ते पुढे येईलच.

कोठीभोवती ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगडाच्या तंतूंचे उष्णतारोधक) आणि बाहेरून प्लायवूडची चौकोनी पेटी असे आवरण केले. थर्मोकोल स्वस्त असला तरी तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि पेटतोही. गरम कक्षासाठी तो कोणीही वापरू नये. रॉकवूल हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क हवाच. माझे मनगट दोन दिवस खाजत होते. रॉकवूल आणि प्लायवूड मिळून २,३०० रुपये, सुतारकाकांची मजुरी ८००. कागदावर हिशेब केला होता : कोठीचे पृष्ठफळ सुमारे एक चौरस मीटर, आतबाहेर ४५ अंशांचा फरक आणि एवढ्या रॉकवूलमधून झिरपणारी उष्णता ३५ ते ४० वॅट. झाकणाच्या फटी आणि वायरींची भोके धरून ६० वॅट. पुढे मोजल्यावर ७० अंश टिकवून ठेवायला सरासरी तेवढीच वीज लागत असल्याचे दिसले. लवकर तापावे म्हणून हीटर मात्र ३०० वॅटचा, पंख असलेल्या नळीचा घेतला आणि तो तळाशी, छिद्रे पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या आडोशाला बसवला.

९ जूनच्या रविवारी जुन्या बाजारातून एका भंगार उपकरणातला पंखा ३०० रुपयांत घेतला, ज्याची मोटर बाहेर राहते आणि पाते तेवढे लांब दांड्यावर आत फिरते. साध्या संगणकी पंख्यांची कार्यमर्यादा बहुधा ७० अंशांवर संपते, त्यामुळे मोटर बाहेर ठेवणे गरजेचे होते. बाकीचे साहित्य तपकीर गल्लीतून आणले : ठरवलेले तापमान राखणारा ४८ मिलिमीटर चौकोनी पीआयडी कंट्रोलर १,१५० रुपये, त्याच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा २५ ॲम्पिअरचा सॉलिड स्टेट रिले ३५० रुपये, तापमान मोजणारा तीन तारांचा पीटी-१०० सेन्सर ६०० रुपये, फार तापल्यास हीटर तोडणारा बायमेटल थर्मोस्टॅट, विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, टेफ्लॉन वायर, सिलिकॉनची पट्टी. टेफ्लॉन वायरचा खर्च टाळू नये. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण या तापमानाला मऊ होत जाते आणि आपण आत तीन फेज नेणार असतो. कोठीला स्वतंत्र जाड तारेने अर्थिंग दिले. ज्यांना मुख्य विजेच्या जोडणीचा सराव नाही त्यांनी एवढे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे.

२३ जूनला पहिल्यांदा हीटर लावला. पंख्याशिवाय माथ्याला ७० अंश असताना तळाच्या कोपऱ्यात ६१ होते. चार डिजिटल सेन्सर वेगवेगळ्या उंचीवर टांगून हे मोजले; त्यांची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असते, फरक पाहण्यासाठी तेवढी पुरते. पंखा चालू केल्यावर फरक ३ अंशांवर आला, आणि पत्र्याच्या आडोशाची छिद्रे एका बाजूला बंद करून हवा कडेने वर व मधून खाली अशी वळवल्यावर दीड अंशावर. यात दोन रविवार गेले, पण ते सार्थकी लागले. पीआयडीचे ‘ऑटो ट्यून’ कोठी रिकामी असताना करू नये. नमुना आत ठेवून, झाकण लावून, ज्या तापमानाला चाचणी करायची त्याच तापमानाला करावे. नाहीतर प्रत्यक्ष चाचणीत पारा ५-६ अंश पुढे जाऊन मग मागे येतो.

आता थर्मामीटरच्या खरेपणाकडे वळतो, कारण या सगळ्या उद्योगात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे. पीटी-१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. तपासणीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ करून, तो फडक्यात बारीक कुटून थर्मासमध्ये भरला आणि त्याच पाण्याने फक्त फटी भरतील इतका ओला केला. अशा मिश्रणाचे तापमान शून्य असते. पाणी जास्त झाले तर तळाशी ते ३-४ अंशांवर जाते आणि आपण फसतो. अर्धा तास थांबून आकडा पाहिला तर १.२ अंश. सेन्सर खराब निघाला असे वाटून मी दुसरा आणला, तोही १.२. मग ध्यानात आले की मी तीन तारांपैकी दोनच जोडल्या होत्या आणि कंट्रोलरच्या दोन टर्मिनलमध्ये छोटा दुवा मारला होता. तीन मीटर बारीक वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.४७ ओहमच्या आसपास होता, आणि ०.४७ ला ०.३८५ ने भागले की १.२ अंशच येतात. तिसरी तार जोडताच आकडा ०.१ वर आला. दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे पाणी १०० ला नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळते. हे न धरता सेन्सरला दोष देणारे पुष्कळ आहेत.

घरची ही तपासणी आपल्यापुरती ठीक असते, परंतु ग्राहकाला किंवा सरकारी खरेदीला कागद लागतो. म्हणून ८ जुलै रोजी सेन्सर आणि कंट्रोलर अशी जोडी एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन (मोजमापाचा खरेपणा तपासणाऱ्या) प्रयोगशाळेत घेऊन गेलो. अर्ज पहिल्यांदा परत आला. कारणे तीन होती : उपकरणावर ओळख क्रमांक नव्हता, मोजमापाचे बिंदू लिहिलेले नव्हते, आणि ‘निर्णय-नियम’ हा रकाना रिकामा होता. ओळख क्रमांक आपणच द्यायचा असतो; मी सेन्सरवर आणि कंट्रोलरवर एकच क्रमांक खोदून घेतला, कारण दोन्हींची तपासणी जोडीनेच होते आणि पुढे त्यांतला एक बदलला की प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. निर्णय-नियम म्हणजे, मोजमापातली अनिश्चितता धरून उपकरण पास-नापास ठरवायचे की नुसते आकडे द्यायचे. मी नुसते आकडे मागितले. सोबत डिलिव्हरी चलन दोन प्रतींत लागते, जीएसटी क्रमांक अर्जावर असेल तरच बिलावर येतो, आणि ते नंतर बदलून घेणे जिकिरीचे असते. ०, ४० आणि ७० अंश अशा तीन बिंदूंचे मिळून २,१०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २,४७८ रुपये झाले.

अकरा दिवस वाट पाहिली. प्रमाणपत्रात त्रुटी अनुक्रमे अधिक ०.२, ०.४ आणि ०.६ अंश, आणि अनिश्चितता अधिक-उणे ०.३ अंश आली. म्हणजे खरे ७० अंश हवे असतील तर पडद्यावर ७०.६ दिसले पाहिजे. पुढची तपासणी कधी करायची ही तारीख प्रयोगशाळा आपणहून छापत नाही. ती हवी असल्यास अर्जातच लिहून द्यावी लागते.

२२ जुलैला परत आलेल्या सहांपैकी दोन युनिट्स कोठीत ठेवली. तीन फेज बाहेरून आत नेले, पडद्यावर नजर ठेवली आणि तापमान मिनिटाला एका अंशापेक्षा जास्त वेगाने वाढू दिले नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६००६८ या मानक मालिकेतल्या कोरड्या उष्णतेच्या चाचणीची मर्यादाही तीच आहे. ६१ अंशांवर, चाळीस मिनिटांनी, पहिल्या युनिटने ‘आर फेज नाही’ दाखवले. मी आणि माझा सहकारी काही क्षण बोललोच नाही. अडीच महिने जो दोष फक्त फोनवर ऐकला होता, तो पहिल्यांदा आमच्या डोळ्यांसमोर घडत होता. तापमान ५५ वर आणले की तो जायचा, ६१ वर नेले की यायचा. पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा तसेच.

मग सर्किटवर के-प्रकारचे बारीक थर्मोकपल (तारेच्या टोकाशी तापमान मोजणारे सेन्सर) उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपने चिकटवले. कोठीतली हवा ६५ असताना बंद खोक्यातला ऑप्टोकपलर ७८ अंशांवर होता. तेरा अंशांचा हा फरक आमच्या कोणत्याच हिशेबात नव्हता. फेज ओळखण्याचे काम हा ऑप्टोकपलरच करतो : आत एक छोटा एलईडी आणि समोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर. एलईडीत जितका करंट द्यावा त्याच्या किती टक्के पलीकडे मिळतो, यावरून त्याची प्रत ठरते आणि पीसी ८१७ मध्ये ती शेवटच्या अक्षराने लिहितात. ‘ए’ म्हणजे ८० ते १६० टक्के, ‘सी’ म्हणजे २०० ते ४००. भिंग लावून पाहिले. आमच्या आराखड्यात ‘सी’ होता, या सहाही युनिट्सवर ‘ए’ छापलेले होते. फेब्रुवारीच्या खरेदीत पुरवठादाराकडे ‘सी’ नव्हता आणि ‘चालतो’ या शब्दावर मी ‘ए’ घेतला होता.

ही चूक माझीच, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ते टक्के ५ मिलिॲम्पिअर करंटला सांगितलेले असतात. आम्ही एलईडीला जेमतेम १ मिलिॲम्पिअर देत होतो, आणि इतक्या कमी करंटला प्रमाण आणखी घटते. आमच्या १० किलोओहमच्या रोधाला ५ व्होल्टवर अर्धा मिलिॲम्पिअर हवा होता आणि ‘ए’ प्रत थंडाव्यात तेवढाच, अगदी काठावर देत होती. तापमान वाढले की प्रमाण अजून उतरते, म्हणून दुपारी फेज ‘जायचा’. शिवाय एलईडीचा प्रकाश वर्षानुवर्षे मंदावत जातो, म्हणजे ‘सी’ लावलेली युनिट्सही काही वर्षांनी याच वाटेने गेली असती. रोध २२ किलोओहमचा केल्यावर गरज पाव मिलिॲम्पिअरच्याही खाली आली. त्याच ‘ए’ प्रतीसह युनिट ७० अंशांवर सोळा तास चालले. एका रोधाची किंमत दहा पैसेही नाही.

त्या सोळा तासांच्या दुसऱ्या फेरीत, ३ ऑगस्टच्या रात्री, मोठा प्रसंग आला. साडेअकराच्या सुमारास कंट्रोलरच्या पडद्यावर ८३ अंश दिसले. हीटरचा दिवा बंद, तरी पारा वर चाललेला. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो, हे वाचून माहीत होते. समोर घडताना पाहणे निराळे. मी मुख्य स्विच बंद केला, पण मी तेथे नसतो तरी ९५ अंशांवर बायमेटल थर्मोस्टॅटने हीटर तोडला असता, इतकी खबरदारी आधी घेतलेली होती. तरीही दुसऱ्या दिवशी दोन बदल केले : हीटरच्या वाटेत एक साधा कॉन्टॅक्टर (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) आणि त्याला स्वतंत्र सेन्सरवर चालणारा दुसरा कंट्रोलर, आणि आपोआप परत जोडला जाणारा बायमेटल काढून हाताने बटण दाबल्याशिवाय न जोडणारा. खर्च १,४०० रुपये. हे नसेल तर रात्री चाचणी लावून घरी जाऊ नये.

थंड बाजूचे थोडक्यात सांगतो. निफाडकडच्या द्राक्षबागांत हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, म्हणून उणे ५ पर्यंतची चाचणी हवी होती. वीज दिली की एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या पेल्टियर प्लेटवर महिना घालवला. छोट्या डब्यात ती ६ अंशांच्या खाली गेली नाही, कारण तिच्या गरम बाजूची उष्णता मला नीट काढता आली नाही. शेवटी बंद झालेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातला आडवा डीप फ्रीझर ६,५०० रुपयांत घेतला आणि बाहेरून कंट्रोलर लावला. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पाच मिनिटे पुन्हा चालू होणार नाही, एवढा विलंब त्यात भरणे आवश्यक आहे. नमुना सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवावा, आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. पावसाळ्यात मी एकदा घाई केली आणि सर्किटवर दव साचून एक युनिट गेले.

जानेवारी २०२५ मध्ये बदललेली दोन युनिट्स मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रीतसर चाचणीसाठी दिली. घरच्या कोठीचा अहवाल कोणत्याही खरेदीदाराला चालत नाही आणि चालूही नये. पण कुठे पाहायचे, किती वेळ थांबायचे हे आधीच ठरलेले असल्याने सोळा तासांत काम झाले. जीएसटीसह १६,९९२ रुपये लागले. गरम कक्षाचा माझा एकूण खर्च, कॅलिब्रेशन धरून आणि कोठी सोडून, १२ हजारांच्या आत राहिला.

मार्चमध्ये वर्ध्याच्या त्याच दादांना नवे युनिट आणि दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारा एक छोटा लॉगर पाठवला. मे अखेरीस लॉगर परत आला. फेज चुकीने गेल्याची एकही नोंद नव्हती. पेटीतले सर्वाधिक तापमान मात्र ६८ अंश निघाले, गेल्या वर्षीपेक्षा चार अंश जास्त. त्यांनी पेटी आता विहिरीच्या कठड्यालगत, पश्चिमेच्या उन्हात हलवली आहे. त्यामुळे ७० अंशांची आमची चाचणी पुरेशी वाटेना आणि पुढची बॅच ७५ वर तपासायचे ठरवले. ७५ हा आकडा प्रमाणपत्रातल्या शेवटच्या बिंदूच्या पलीकडे जातो, तेव्हा सेन्सर आणि कंट्रोलरची जोडी पुन्हा प्रयोगशाळेत न्यायची आहे. ८० अंशांचा चौथा बिंदू घालून अर्ज भरून ठेवला आहे. ओळख क्रमांक आणि निर्णय-नियम हे दोन्ही रकाने या वेळी आधी भरले.